घरातला ड्रम आणि खोलीची साक्ष



या मालिकेचे नेहमीचे श्रोते आजचा विषय वाचून थोडे बुचकळ्यात पडले असतील. ज्ञानमीमांसा झाली, सौंदर्यशास्त्र झाले, आणि आता एकदम घरी ड्रम कसा रेकॉर्ड करावा? एका जुन्या विद्यार्थ्याने तर फोन करून विचारले, "सर, तब्येत बरी आहे ना?" बरी आहे. पण या विषयात आमचा एक अपराध गुंतला आहे, तो आधी सांगतो. म्हणजे पुढची चर्चा कशासाठी आहे ते कळेल.

मागच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत, वरच्या मजल्यावर, चार मुलांनी स्वतःचे एक गाणे रेकॉर्ड करायला घेतले. गिटार, बेस, ड्रम आणि गाणारी एक मुलगी. तीन दुपारी आमच्या डोक्यावर ड्रम वाजला. चौथ्या दिवशी आम्ही सेक्रेटरींकडे तक्रार केली. नियम आमच्या बाजूने होता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे, आणि ड्रमसेट जवळून सहज शंभराच्या पुढे जातो. ड्रम बंद झाला. आम्ही दुपारची झोप परत मिळवली.

दोन महिन्यांनी ड्रम वाजवणारा मुलगा हेडफोन घेऊन आमच्याकडे आला. "आजोबा, गाणं झालं. ऐकता का?" रागाने आला नव्हता, हे विशेष. आम्ही ऐकले. स्वच्छ, चकचकीत, एकही ठोका इकडचा तिकडे नाही. आम्ही म्हणालो, "छान झालंय." तो म्हणाला, "हो. पण यात मी नाहीये." ड्रम वाजवता येईना, म्हणून त्यांनी विकत मिळणारे ठोक्यांचे तयार नमुने, ज्यांना सँपल म्हणतात, ते संगणकावर एकेक करून मांडले होते. बाकीच्यांनी आपापल्या घरी, कानात क्लिकची टिकटिक लावून आपापला भाग वाजवला आणि फाइल पाठवून दिली. चौघे एका खोलीत आलेच नाहीत.

मग त्याने फोनवरचे दुसरे रेकॉर्डिंग लावले. तिसऱ्या दुपारचे, फोन कपाटावर ठेवून केलेले. आवाज फाटलेला, गाणारी लांब कुठेतरी, बेस जवळजवळ नाहीच. पण दुसऱ्या कडव्यात त्या मुलीने एक शब्द थोडा जास्त लांबवला आणि ड्रम तिच्यासाठी थांबला. क्षणभरच, पण थांबला. चकचकीत गाण्यात तो शब्द तितकाच लांब होता; ड्रम मात्र थांबत नव्हता.

तर आपला प्रश्न असा: या दोहोंपैकी चांगले रेकॉर्डिंग कोणते, आणि कोणत्या निकषावर?

"भावना महत्त्वाची, तंत्र दुय्यम" असे सोपे उत्तर आम्ही देणार नाही. फोनवरचे रेकॉर्डिंग ऐकवत नव्हते, हे खरे आहे. म्हणून आधी तंत्राकडे वळू. ड्रम घरात धरणे इतके अवघड का असते?

गिटार हे एक वाद्य आहे. ड्रमसेट हे वाद्यांचे एकत्र कुटुंब आहे. पायाने वाजणारा किक, गुडघ्यांमधला स्नेअर, हाय-हॅट, टॉम, वर टांगलेल्या सिम्बल. प्रत्येकाचा आवाज वेगळा, पण सगळे एकाच जागी एकाच माणसाच्या हातापायांतून निघणारे. तुम्ही स्नेअरजवळ मायक्रोफोन लावला तरी त्यात हाय-हॅट येतोच. सिम्बलसाठी वर टांगलेल्या मायक्रोफोनमध्ये, ज्याला ओव्हरहेड म्हणतात त्यात, तर सगळेच येते.

इथे आमच्या दर्शनांमधला एक जुना वाद कामी येतो. शब्द कानापर्यंत पोचतो कसा? न्याय-वैशेषिकांनी दोन दृष्टान्त दिले. एक वीचीतरंगन्याय: पाण्यातल्या लाटेसारखा, एकातून दुसरा तरंग. दुसरा कदंबगोलकन्याय: कदंबाच्या फुलाचे केसर जसे सगळीकडे एकदम फुटतात, तसा आवाज दाही दिशांना निघतो. ड्रम रेकॉर्ड करणाऱ्याला दोन्ही न्याय एकाच दुपारी पटतात. आवाज सगळीकडे जातो, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या वेळी पोचतो.

हिशेब करून पाहू. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समजा एक मायक्रोफोन स्नेअरच्या अगदी जवळ आहे आणि ओव्हरहेड त्याहून एक मीटर लांब. तोच ठोका दुसऱ्याकडे सुमारे ३ मिलिसेकंद उशिरा पोचतो. कानाला एवढा उशीर वेगळा कळत नाही. पण दोन्ही ट्रॅक एकत्र केले की सुमारे १७० हर्ट्झला एकाची लाट वर असते तेव्हा दुसऱ्याची खाली. झोपाळा पुढे जाताना मागून ढकलले तर तो चढतो; समोरून येताना ढकलले तर थांबतो. तसेच हे. आणि १७० हर्ट्झ म्हणजे नेमका तो पट्टा, जिथे स्नेअरचे अंग असते, भरीवपणा असतो. परिणाम काय? दोन महागडे मायक्रोफोन लावले आणि स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा वाजू लागला. घरी रेकॉर्ड करणारे पुष्कळ जण इथे इक्यूची बटणे फिरवत बसतात. वास्तविक मायक्रोफोन वीतभर सरकवायला हवा असतो.

दुसरी अडचण खोलीची. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये दहा फूट अंतर असेल तर सुमारे ५६ हर्ट्झचा आवाज त्यांच्यात अडकून घुमतो. किकचा खालचा आवाज याच्याच आसपास असतो. म्हणून एका कोपऱ्यात किक ढगासारखा गडगडतो आणि खोलीच्या मध्यावर गायब होतो. लोक भिंतीला रजया, गोधड्या टांगतात. त्यांनी सिम्बलची चरचर कमी होते, आणि छत खाली असेल तर त्याचा उपयोगही आहे. पण ५६ हर्ट्झच्या लाटेची लांबी वीस फूट आहे. तिला गोधडी काय अडवणार? ड्रमच दोन फूट सरकवून पाहावा लागतो.

इतके कळल्यावर मनात येते की खोली हीच शत्रू आहे. जवळजवळ मायक्रोफोन लावा, खोली वगळा, जमल्यास ड्रमच वगळा आणि सँपल घाला. आजची घरगुती पद्धत बहुतांशी याच वाटेने गेली आहे. आमचा आक्षेप इथून सुरू होतो, आणि तो आम्ही एका घराच्या आधारे मांडतो.

इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्यात हेडली ग्रेंज नावाचे एक जुने घर आहे. १७९५ साली ते गरिबांसाठीचे आश्रयगृह म्हणून बांधले गेले. लेड झेपेलिन या बँडने आपल्या चौथ्या अल्बमचे बरेचसे काम तिथे केले. अल्बम नोव्हेंबर १९७१ मध्ये आला. त्यातले शेवटचे गाणे 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. मूळ गाणे १९२९ चे, कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी यांचे. पार्श्वभूमी १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुराची. या गाण्यासाठी जॉन बॉनमचा ड्रमसेट घराच्या प्रवेशदालनात, जिन्याच्या पायथ्याशी ठेवला, आणि इंजिनिअर अँडी जॉन्स यांनी वर जिन्यावरून दोन मायक्रोफोन खाली रोखले. किकला वेगळा मायक्रोफोन नाही, स्नेअरला नाही. जिन्याच्या पोकळीत घुमून वर आलेला आवाज कॉम्प्रेसरमधून दाबला आणि इकोच्या यंत्रातून काढला. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो, त्यामुळे दोन ठोक्यांमधला खोलीचा श्वास वर येतो.

हे गाणे आम्ही या व्याख्यानासाठी पुन्हापुन्हा ऐकले. प्रचंड मोठा आवाज, असे सगळेच म्हणतात. आमचे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे गेले. किकला स्वतंत्र ट्रॅकच नाही, म्हणजे नंतर किक वाढवता येत नाही. सिम्बल जास्त झाली तर कमी करता येत नाही. मग किक, स्नेअर आणि सिम्बल यांचा तोल कोणी सांभाळला? बॉनमने. हातापायांनी. जोर कुठे द्यायचा, सिम्बलवर हात कुठे राखायचा, हे त्याने वाजवतानाच ठरवले, आणि ते जिन्याचा घुमारा ऐकत ठरवले. तो घुमारा विरायला वेळ लागतो, म्हणून ठोक्यांमध्ये जागा सोडलेली आहे. दोन मायक्रोफोनचे रेकॉर्डिंग म्हणजे वाजवणाऱ्यावर टाकलेला विश्वास आहे. ड्रम वाजवणारा हाच पहिला मिक्सर असतो. बारा मायक्रोफोन लावले की हा अधिकार त्याच्याकडून काढून खुर्चीतल्या माणसाकडे जातो, आणि सँपल घातले की तो अधिकार होता हेच विसरले जाते.

या गाण्याचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. त्याचा सुरुवातीचा ड्रम बीस्टी बॉइज या गटाने १९८६ मध्ये आपल्या गाण्यात उचलला, आणि नंतर इतरांनीही. म्हणजे खोलीसकट सँपल झाला. तेव्हा सँपल म्हटले की वाईट, असे आम्ही म्हणत नाही. ऐकणाऱ्याला ते कुठून तरी उचलले आहे हे कळते. तो उसना आवाज म्हणूनच मिरवतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या गाण्यात सँपल 'आमचा ड्रमर' म्हणून उभे होते.

आता प्रतिपक्ष. तुम्ही म्हणाल, रेकॉर्डिंग म्हणजे घडलेल्या प्रसंगाचा पंचनामा थोडाच आहे? बरोबर. थिओडोर ग्रेसिक या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९९६ च्या आपल्या पुस्तकात मांडले आहे की रॉक संगीतात मूळ कलाकृती रेकॉर्डिंग हीच असते. ते कुठल्या मैफलीचे चित्र नसते. मग चौघे एका खोलीत होते की नव्हते, याला काय महत्त्व? हा आक्षेप भारी आहे. दोन उदाहरणे त्याच्या बाजूने, आमच्या विरुद्ध, आम्हीच देतो.

पहिले, पॉल मॅकार्टनी. बीटल्स मोडत असताना, १९६९ च्या अखेरीस त्यांनी लंडनच्या घरी एक चार ट्रॅकचे यंत्र आणून ठेवले. आवाजाची पातळी दाखवणारा मीटरसुद्धा नाही. ड्रम, बेस, गिटार, पियानो सगळे स्वतःच, एकावर एक. काही काम नंतर स्टुडिओत झाले; अल्बम एप्रिल १९७० मध्ये आला. पहिल्याच छोट्या गाण्यात दार करकरते ते ऐकू येते. त्यांनी ते राहू दिले. 'मॉमा मिस अमेरिका' हा वाद्यांचा तुकडा पूर्ण घरी झालेला. त्यातला ड्रम काही फार कसबी नाही; भरतीच्या जागी थोडा धडपडतो. पण ऐका, बेस त्या धडपडीला सांभाळून घेतो. माणूस एकच आहे, तरी बेस वाजवणारा मॅकार्टनी ड्रम वाजवून गेलेल्या मॅकार्टनीचे ऐकतो आहे. इथे कोणी कोणाबरोबर एका वेळी वाजवत नाही, पण ऐकणे आहे.

दुसरे उदाहरण बॉस्टन या बँडचे. टॉम शोल्झ हे एमआयटीचे पदवीधर, पोलरॉइड कंपनीत इंजिनिअर. वॉटरटाउन या गावी आपल्या घराच्या तळघरात बारा ट्रॅकच्या यंत्रावर वर्षानुवर्षे काम करत बसायचे. रेकॉर्ड कंपनीला गाणी आवडली, पण ती रीतसर स्टुडिओत पुन्हा करा असा आग्रह. मग निर्माते जॉन बॉयलन यांनी बाकीच्या बँडला लॉस एंजेलिसला नेऊन कंपनीचे लक्ष तिकडे ठेवले, आणि शोल्झ इकडे तळघरात आपले काम करत राहिले! १९७६ चा तो अल्बम पुढे अमेरिकेत एक कोटी सत्तर लाख प्रतींपर्यंत पोचला. गंमत अशी की गिटारचा आवाज शोल्झना पूर्ण साधला होता, पण जी वाद्ये मायक्रोफोनने हवेतून धरावी लागतात त्यांचे तंत्र शिकवायला बाहेरून इंजिनिअर बोलवावा लागला. गिटारच्या आवाजाचा बराच भाग तारेतून, यंत्रातून घडवता येतो. ड्रमला हवा लागते, खोली लागते.

आमचे मत स्पष्ट सांगायचे तर बॉस्टनचा अल्बम थक्क करतो, पण त्यात गर्दी असूनही माणसे कमी भेटतात. मॅकार्टनींचा अल्बम कितीतरी कच्चा, आणि त्यात घर भेटते. तरीही दोन्ही खोटे नाहीत. दोन्हीकडे प्रत्येक थर आधीच्या थराला उत्तर देतो.

तेव्हा आमचा पहिला निकष, 'सगळे एका वेळी एका खोलीत', टिकत नाही. तो आम्ही मागे घेतो. त्याला पुष्टी देणारे आणखी एक उदाहरण. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर काही गाणी एकट्याने नोंदवली. नंतर पूर्ण बँड घेऊन, ड्रमसकट, स्टुडिओत ती पुन्हा केली. पण शेवटी अल्बम म्हणून निघाली ती घरातली कॅसेटच. 'नेब्रास्का' त्याचे नाव. उत्तम बँड एकत्र वाजवूनही त्या गाण्यांना तो नको होता. बँड असणे हाही काही आपोआप गुण नाही.

मग उरले काय? उरले ते ऐकणे. वाजवणाऱ्याने दुसऱ्याचे ऐकून स्वतःत केलेला बदल रेकॉर्डिंगमध्ये शिल्लक आहे का? हा आमचा निकष. एका खोलीत वाजवताना हे ऐकणे दोन्ही बाजूंनी चालते: गायिका शब्द लांबवते, ड्रम थांबतो, ड्रम थांबला म्हणून तिला पुढच्या ओळीत धीर येतो. थरावर थर चढवताना ते एकाच दिशेने चालते. नंतरचा आधीच्याचे ऐकतो, आधीच्याला नंतरचा माहीत नसतो. म्हणून पहिला थर वाजवणाऱ्याला पुढच्यासाठी जागा सोडण्याची कल्पना असावी लागते. आणि तिसरी पद्धत: सगळे क्लिकचे ऐकतात, एकमेकांचे कोणीच नाही, आणि उरलेसुरले इकडेतिकडे संगणकाच्या रेघांवर, ज्याला ग्रिड म्हणतात त्यावर, ओढून बसवले जाते. यात चूक होत नाही, कारण कोणी कोणाकडे वळतच नाही.

क्लिक वाईट नाही. तिच्याशी खेळून उत्तम वाजवणारे असतात. पण ग्रिडवर ठोका ओढताना तुम्ही काय पुसता आहात हे एकदा ऐकून मग पुसा. तो ठोका चुकला होता, की कोणासाठी तरी थांबला होता? दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. सुमारे वीस-तीस मिलिसेकंदांचा फरक. कानालाच ते वेगळे कळतात, आणि तेही गाणारीचा ट्रॅक सोबत सुरू असेल तरच. एकटा ड्रम लावून ऐकलात तर थांबणे ही चूकच वाटेल.

मिक्सिंग म्हणजे शेवटी कोणाला किती ऐकू द्यायचे याचा निर्णय. तो निवाडा आहे, आणि निवाडा देणाऱ्याने साक्ष नीट ऐकायची असते. खोली ही अशीच एक साक्षीदार. ती कधी जास्त बोलते, कधी एकच गोष्ट परत परत सांगते, तिला आवरावे लागते. पण तिला न्यायालयाबाहेर काढून नंतर रिव्हर्बच्या बटणाने इटलीतल्या चर्चचा घुमारा लावायचा, हे काय झाले? दहा बाय बाराच्या खोलीतल्या मुलांना आपण कुठे नेऊन बसवले?

जे घरी करतात त्यांच्यासाठी आमचे म्हणणे थोडक्यात एवढेच. मायक्रोफोन कमी लावा, तीन-चार पुरतात. दोन ओव्हरहेड स्नेअरपासून सारख्या अंतरावर ठेवा, दोरीने मोजा. आधी ते दोनच ऐका. ड्रमचा तोल तिथे नसेल तर वाजवणाऱ्याशी बोला, बटणांशी नंतर. आणि पहिल्यांदा वाजवताना निदान बेस आणि गाणारे माणूस त्याच वेळी त्याच्या कानात असू द्या. हेडफोनमधून का होईना.

आता आमच्या अपराधाकडे परत. त्या मुलाला आम्ही विचारले, फोनवरचेच गाणे का नाही लोकांना ऐकवत? तो म्हणाला, "आजोबा, ते ऐकवत नाही हो." त्याचे बरोबर होते. दोन्ही गाणी अपुरी होती. एकात आवाज नव्हता आणि एकात तो नव्हता. त्यांना हवी होती आणखी तीन-चार दुपार, आणि ती आम्ही काढून घेतली होती. तक्रार करण्याचा हक्क आमचा होता, आजही आहे. पण हक्क बजावण्याआधी वर जाऊन बेल वाजवता आली असती. आम्ही ड्रम ऐकला, मुले ऐकली नाहीत. ज्या निकषावर त्यांच्या मिक्सला तोलतो आहोत, त्यावर आम्हीच आधी नापास झालो.

पुढच्या महिन्यात दोन रविवार दुपारी अकरा ते चार असे ठरले आहे. सेक्रेटरींशी बोलणे झाले, खालच्या मजल्यावर तान्हे बाळ आहे त्यांच्याशीही झाले. गाणे कसे होईल ते सांगता येत नाही. दोन्ही रविवारी आम्ही घरीच असणार आहोत.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: सर, पैसे नाहीत, जागा नाही, शेजारी ऐकत नाहीत. अशा मुलांना सँपलशिवाय पर्याय काय? तुमचा निकष ज्यांच्याकडे जागा आहे त्यांच्यापुरताच नाही का?

उत्तर: रास्त प्रश्न आहे. सँपल वापरावेत. पण मांडणाऱ्याने ड्रम वाजवणाऱ्याला शेजारी बसवावे, आणि गाणारीचा ट्रॅक आधी घ्यावा, ड्रम नंतर तिच्याप्रमाणे मांडावा. उशीवर काठ्यांनी वाजवून घेतले तरी ठोका कुठे पडतो ते कळते. तिथे सँपल ठेवा, ग्रिडवर नको. आवाज उसना असू द्या, थांबणे मात्र स्वतःचे हवे. एवढ्याला जागाही लागत नाही आणि शेजाऱ्याची परवानगीही नाही.